तीन पात्यांचा पंखा

गेल्या गुरुवारी आमची गाडी गेली. गेली म्हणजे विकली. एक तरुण मुलगा आला, त्याने बॉनेट उघडून बघितलं, गुडघे टेकून खाली टॉर्च मारला, मान हलवली आणि चारशे युरो मोजून दिले. नंबरप्लेट काढून माझ्या हातात ठेवल्या. मग गाडी ट्रेलरवर चढवून घेऊन गेला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. गॅसवर वरण होतं, ते उतू गेलं.

गाडी विशी ओलांडलेली होती, तेव्हा रडण्यासारखं काही नव्हतं. दोन लाख एकतीस हजार किलोमीटर झाले होते. पण दोन दिवस मला काही सुचेना, म्हणून आज लिहायला बसले आहे.

आमच्या घरातल्यांना या गाडीची गंमत माहीत आहे. २००८ साली ती आम्ही सेकंडहॅंड घेतली तेव्हा नवऱ्याने फोनवर आईला सांगितलं, "मर्सिडीज घेतली." झालं! सातारा, पुणे, डोंबिवली, सगळीकडे बातमी. आत्याने पेढे वाटले. एका चुलतदिराने "आता आम्हाला ओळख द्याल ना?" असं विचारलं. मग आम्ही फोटो पाठवला. दोन दिवस कुणाचा फोन नाही. तिसऱ्या दिवशी माझा भाऊ म्हणाला, "ताई, खरं सांग, ही सॅन्ट्रो आहे ना?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. ती ए-क्लास होती. आखूड, उंच, डब्यासारखी. पुढे तो तारा नसता तर तिला कुणी मर्सिडीज म्हटलं नसतं. शिवाय ती मोठ्या बेअब्रूतून आलेली. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये ए-क्लास नवी कोरी बाजारात येत असताना स्वीडनमधल्या एका मासिकाने तिची परीक्षा घेतली. तिकडच्या रस्त्यावर अचानक सांबरासारखा मोठा प्राणी आडवा येतो, तेव्हा गाडी एकदम डावीकडे आणि लगेच उजवीकडे वळवावी लागते. त्याचीच ही चाचणी. ए-क्लास चक्क उलटली. सुरक्षिततेच्या नावावर जगभर गाड्या विकणाऱ्या कंपनीची गाडी उलटली म्हणजे काय होणार! सगळ्या जर्मनीत हसू झालं. कंपनीने आधी टाळाटाळ केली, मग मात्र विक्री थांबवली, विकलेल्या गाड्या परत बोलावल्या आणि ईएसपी नावाची यंत्रणा प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवून दिली. गाडी घसरायला लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून तिला ताळ्यावर आणते. तोवर ती महागड्या गाड्यांमध्येच मिळायची. नोव्हेंबर २०१४ पासून तर युरोपात प्रत्येक नव्या गाडीला ती सक्तीची आहे. म्हणजे आमची ठेंगणी उलटली आणि दुसऱ्यांचे जीव वाचले. मला ती या गोष्टीमुळेच आवडायला लागली. एकदा तोंडावर आपटलेली माणसं मला तशीही जास्त आवडतात.

पण माझी आणि त्या ताऱ्याची ओळख त्याच्या कितीतरी आधीची आहे.

कऱ्हाडला नानाकाकांचा ट्रक होता. जुना, नाकवाला, सेकंडहॅंड घेतलेला. गूळ आणि कांदा घेऊन मुंबईला जायचा. त्याच्या जाळीवर हा वर्तुळातला तारा होता, आणि आम्ही मुलं त्याला पंखा म्हणायचो. तीन पात्यांचा पंखा. माझी पक्की समजूत होती की खंबाटकीचा घाट चढताना इंजिन तापलं की हा पंखा फिरतो आणि त्याला गार करतो. फिरताना कुणी बघितला नव्हता, कारण घाटात आम्हाला कुणी नेतच नव्हतं! ट्रकवर नाव होतं टाटा-मर्सिडीज-बेंझ. काका फक्त "मर्सिडीज" म्हणायचे, आणि तेही 'आमची म्हैस' म्हणावं तसं. त्यात श्रीमंतीचा वास कुठेच नव्हता. डिझेलचा, गुळाच्या काकवीचा आणि गोणपाटाचा मात्र होता.

पुढे कळलं की १९५४ साली टाटांच्या टेल्कोने जमशेदपूरला जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर ट्रक बनवायला सुरुवात केली. करार पंधरा वर्षांचा. १९६९ साली तो संपला, तारा उतरला आणि त्या जागी टाटांचा वर्तुळातला टी आला. त्यामुळे माझ्या पिढीतल्या पुष्कळ मराठी मुलांनी मर्सिडीज पहिल्यांदा पाहिली ती ट्रकच्या तोंडावर. मोटारी पुण्यात बनायला लागल्या त्या फार उशिरा, १९९५ मध्ये, टेल्कोच्याच पिंपरीच्या आवारात. २००९ पासून कारखाना चाकणला आहे. तोवर ती हिरे-माणकांच्या माणसांची गाडी झाली होती.

म्हणून २००७ मध्ये फ्रॅंकफर्टच्या विमानतळाबाहेर आले तेव्हा माझी फजिती झाली. बाहेर टॅक्सींची रांग, सगळ्या सायीच्या रंगाच्या, आणि जवळजवळ सगळ्या मर्सिडीज. मी नवऱ्याला हळूच म्हटलं, "अरे, साधी टॅक्सी बघ ना, एवढा खर्च कशाला?" तो हसायला लागला. हीच साधी टॅक्सी! मी साडी आवरून, कडेला, अर्धी बसले. पोरीला सांगितलं, सीटला पाय लावू नकोस. आठवड्याने सकाळी कचऱ्याची गाडी आली, तिच्याही तोंडावर तोच तारा. तेव्हा मला एकदम कऱ्हाडला आल्यासारखं वाटलं.

इथे डिझेल मर्सिडीजची कीर्ती टॅक्सीवाल्यांनीच वाढवली. १९३६ साली २६०डी ही डिझेलवर चालणारी मोटार त्यांनी काढली आणि ती प्रामुख्याने टॅक्सीवाल्यांनी घेतली. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने १९७६ ची २४०डी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयाला दिली. ४६ लाख! पृथ्वीला शंभराहून जास्त प्रदक्षिणा. ज्या गाडीत मंत्री बसतो त्याच गाडीत टॅक्सीवाला पोट भरतो, हे मला तिच्या मोठेपणाचं सगळ्यात चांगलं कारण वाटतं. गुळगुळीत जाहिरातीतलं एकही वाटत नाही.

आता माझी गोष्ट. आम्ही राहायला आलो वीसलोखला. हायडेलबर्गच्या दक्षिणेला छोटं गाव. शेजारी वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरची मोठी कंपनी, त्यामुळे आपली माणसं इथे बरीच. नवऱ्याला नोकरी, मुलीला शाळा, आणि मला... मला काहीच नाही. पुण्यात मी बारा वर्षं बँकेत नोकरी केली होती. स्वतःची मारुती ८०० घेऊन कोथरूडहून लक्ष्मी रोडला जायचे, तेही गणपतीत! इथे भारतीय लायसन्स सहा महिने चालतं. तेवढ्यात मी काही केलं नाही, आणि सातव्या महिन्यात मी कायमची उजवीकडच्या सीटवर बसणारी बाई झाले. दूध आणायचं तर "आज गाडीने जाशील का रे?" पोरीला पोहायला न्यायचं तर तेच. तो बिचारा कधी नाही म्हणाला नाही. त्यानेच जास्त वाईट वाटायचं.

वीसलोखच्या मुख्य रस्त्यावर एक जुनं औषधांचं दुकान आहे, श्टाट-आपोथेके. समोर एका बाईचं शिल्प. मी रोज भाजीला जाताना तिच्यावरून जायचे. एके दिवशी खोकल्याचं औषध मिळेपर्यंत वेळ होता म्हणून पाटी वाचली. माझं जर्मन तेव्हा 'टोमॅटो, बटाटे, किती झाले' इतकंच होतं, पण आकडा कळला, १८८८. आणि जगातला पहिला पेट्रोलपंप असं काहीतरी. औषधांच्या दुकानात पेट्रोलपंप?

ती बाई म्हणजे बेर्टा बेंझ. तिची गोष्ट इथे शाळेतल्या पोरांनाही येते, पण मला ती त्या दिवसापासून सोडेना.

बेर्टा फोर्त्सहाइमची. बाप सुतारकामातून वर आलेला, पैसेवाला. १८४९ मध्ये ती जन्मली तेव्हा बापाने घरच्या बायबलमध्ये 'दुर्दैवाने पुन्हा मुलगीच' असं लिहून ठेवलं होतं म्हणतात. (तेव्हा कुणी मला म्हणू नका की हे फक्त आपल्याकडेच होतं.) तिने कार्ल बेंझ नावाचा एक हुशार, हट्टी आणि कफल्लक इंजिनियर पसंत केला. त्याचा भागीदार निकामी निघाला, तर हिने लग्नाच्या आधीच आपला हुंड्याचा पैसा मागून घेतला आणि भागीदाराला काढायला दिला. पुढची पंधरा वर्षं नुसती ओढाताण. ३१ डिसेंबर १८७९ च्या रात्री, घरात चूल थंड असताना, हिनेच म्हटलं, चल, कारखान्यात जाऊन इंजिन पुन्हा एकदा चालवून बघू. आणि ते चाललं. बाहेर चर्चच्या घंटा नव्या वर्षाच्या वाजत होत्या.

२९ जानेवारी १८८६ ला कार्लने आपल्या मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. क्रमांक ३७४३५. तीन चाकं, एक सिलिंडर, एक अश्वशक्तीसुद्धा नाही. मोटारीचा वाढदिवस म्हणून जग हीच तारीख धरतं. पेटंटवर नाव अर्थात एकट्या कार्लचं.

गाडी झाली, पण घ्यायला कुणी तयार नाही. कार्ल अजून सुधारतोय, अजून घासतोय. असे पुरुष आपण पाहिलेले असतात, नाही का? वस्तू पूर्ण झाली हे त्यांना कधी पटतच नाही. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे बेर्टाने ऑयगेन आणि रिखार्ड या दोन पोरांना उठवलं. एक पंधरा वर्षांचा, एक तेरा. नवऱ्याला न विचारता गाडी बाहेर काढली आणि मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला निघाली. शंभर किलोमीटरहून जास्त अंतर. तोवर मोटार गावातल्या गावात, चार पावलं फिरली होती. रस्ते बैलगाड्यांचे. गाडीला पेट्रोलची टाकी म्हणावी अशी नव्हती. इंधन म्हणजे लिग्रोइन, कपड्यांवरचे डाग काढायचं औषध, ते औषधवाल्याकडे बाटलीतून मिळायचं. वीसलोखला ते संपलं, आणि आमच्या या दुकानदाराने त्याच्याकडे होतं तेवढं दिलं. तो काय समजला असेल? बाईच्या साडीवर, म्हणजे झग्यावर, केवढा डाग पडला असेल!

पुढे इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. विजेच्या तारेचं आवरण झिजलं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. साखळी ओढायला लोहार गाठला. पाण्याने इंजिन गार राहायचं, ते पाणी सारखं उकळून जायचं, मग विहीर, ओढा, खाणावळ, जिथे मिळेल तिथे भरायचं. चढावर पोरांनी ढकलायची, उतारावर लाकडी ब्रेक जळायचे. तिने चांभाराकडून ब्रेकला चामडं ठोकून घेतलं. संध्याकाळी माहेरी पोचली आणि नवऱ्याला तार केली. परत आल्यावर तिने सांगितलं की चढासाठी अजून एक गिअर हवा. कार्लने तो बसवला.

मला त्या टोपीच्या पिनेचं वगैरे सगळे कौतुक करतात तेवढं वाटत नाही. घर चालवणारी कोणतीही बाई हेच करते. कुकरची शिट्टी मी किती वेळा केसांच्या पिनेने साफ केली आहे! मला वाटलं ते 'न विचारता' याचं. तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. मी अडतीस.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

पुढचे पाच महिने फार अपमानाचे गेले, ते थोडक्यात सांगते. बसायला मी चुकीचंच दार उघडायचे. गिअर टाकायला डावा हात जायचा आणि दारावर आपटायचा. लेखी परीक्षा इंग्रजीत देता आली, ती पास झाले. प्रत्यक्ष परीक्षेत शिक्षक शेजारी बसतो आणि परीक्षक मागे, शवविच्छेदन करायला आल्यासारखा गप्प. पहिल्यांदा नापास झाले ती वळताना मान वळवून खांद्यावरून बघितलं नाही म्हणून. मी आरशात बघितलं होतं! पण आरसा पुरत नाही, मान वळली पाहिजे, आणि वळलेली परीक्षकाला दिसली पाहिजे. दुसऱ्यांदा नापास झाले ती 'उजवीकडचा आधी' या नियमावर. ज्या चौकात पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग ती गल्ली कितीही बारकी असो. गल्लीतून एक म्हातारा अगदी हळू येत होता. मी पुणेरी हिशोब केला, हा थांबेल. शिक्षकाने ब्रेक दाबला. शिक्षकाने ब्रेक दाबला की परीक्षा तिथेच संपते. घरी आले आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बारा वर्षं लक्ष्मी रोडला गाडी चालवलेली मी!

तिसऱ्यांदा पास झाले. नवऱ्याने ही ठेंगणी घेतली ती त्याच महिन्यात, आणि किल्ली जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटाशेजारी ठेवली. बोलला काही नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी पोरीला शाळेत सोडलं, आणि गाडी घरी न वळवता सरळ दक्षिणेला काढली. फोर्त्सहाइम. त्याच वर्षी बेर्टाच्या रस्त्याला अधिकृत मान्यता मिळाली होती. जाहीर काही केलं नव्हतं. हात घामेजले होते. मिंगोल्सहाइम गेलं, लांगेनब्र्युकेन गेलं, दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, मागे एक ट्रकवाला दिवे मारत होता, त्याला मारू दिले. ब्रुखजालला पोचले तेव्हा घड्याळात बघितलं. इथली प्राथमिक शाळा बाराच्या सुमारास सुटते. मधे रस्त्याचं काम होतं, वेळ गेला होता. पुढे गेले असते तर पोर शाळेच्या दारात उभी राहिली असती. बेर्टाची पोरं गाडी ढकलण्याच्या वयाची होती, माझी पहिलीत होती. बेकरीतून एक प्रेत्सेल घेतलं आणि वळले. नवऱ्याला रात्री सांगितलं, "ब्रुखजालला जाऊन आले." तो म्हणाला, "काय आहे तिथे?" मी म्हटलं, "काही नाही."

गाडीचं नाव मर्सिडीज कसं, हे मात्र मला बरेच दिवस माहीत नव्हतं. बेर्टा एवढं करून गेली तर नाव तिचं असायला हवं ना? ते एका दुसऱ्याच मुलीचं आहे. इकडे मानहाइमला बेंझ, तिकडे जेमतेम शंभर किलोमीटरवर कानश्टाटला गॉटलीब डाइमलर आणि त्याचा मित्र विल्हेल्म मायबाख हे बागेतल्या काचघरात इंजिन बनवत होते. दोघांनी एकाच सुमारास मोटार केली, आणि ते एकमेकांशी कधी बोलल्याचं ऐकिवात नाही. डाइमलर १९०० मध्ये गेला. त्याच वर्षी एमिल येलिनेक नावाच्या, फ्रान्सच्या नीस शहरात राहणाऱ्या धनाढ्य व्यापाऱ्याने डाइमलर कंपनीकडे साडेपाच लाख मार्कांच्या ३६ गाड्या मागितल्या. अट एवढीच, गाडी ठेंगणी, रुंद, वेगवान हवी आणि नाव माझ्या मुलीचं हवं. मुलगी दहा-अकरा वर्षांची, नाव मेर्सेदेस. स्पॅनिश नाव, अर्थ कृपा. मायबाखने ३५ अश्वशक्तीची गाडी केली, १९०१ च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यतींत तिने सगळ्यांना मागे टाकलं, आणि नाव चिकटलं ते चिकटलं. येलिनेकने पुढे स्वतःच्या आडनावालासुद्धा मर्सिडीज जोडून घेतलं. मुलीचं आडनाव बापाला लागतं तसं झालं हे! ती मुलगी १९२९ मध्ये, चाळिशीच्या आतच वारली. कार्ल बेंझही त्याच वर्षी गेला.

तारा डाइमलरचा. त्याने एका चित्राच्या पोस्टकार्डावर आपल्या घरावर तारा काढून बायकोला पाठवला होता, ते मुलांना आठवलं आणि १९०९ मध्ये त्यांच्या कंपनीने तो नोंदवला. जमीन, पाणी आणि हवा अशी तीन टोकं. १९२६ मध्ये महागाईने पिचलेल्या दोन्ही कंपन्या एक झाल्या तेव्हा बेंझची पानांची माळ ताऱ्याभोवती आली. पंखा नाहीच तो!

२०१० मध्ये आई-बाबा आले तेव्हा आम्ही त्यांना श्टुटगार्टच्या संग्रहालयात नेलं. लिफ्टने सगळ्यात वर जायचं आणि गोल गोल उतरत यायचं. वर पहिल्यांदा दिसतो तो घोडा, पेंढा भरलेला. मग पहिल्या गाड्या. खाली १९५४ ची ३०० एसएल, दारं पंखांसारखी वर उघडणारी. तिच्यापुढे लोक देवळात उभे राहावे तसे उभे होते. मीही राहिले, खोटं कशाला बोलू. बाबा मात्र ट्रक-बसच्या दालनात हरवले. सापडले तेव्हा एका जुन्या ट्रकच्या खाली वाकून कमानी बघत होते. म्हणाले, "नानाचा असाच होता." मग थोडं थांबून, "नाही, असा नव्हता. पण कमान अशीच." आणि तिथूनच नानाकाकांना फोन लावायला लावला. काका ओरडून विचारत होते, "ॲव्हरेज किती देतो विचार!"

मला स्वतःला तिथे आवडला तो बेला बारेनी नावाचा माणूस. गाडी टणक असली की आतला माणूस वाचतो अशी समजूत असताना याने उलटं सांगितलं. गाडीचा पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चेपणारा करा, मधली बसायची जागा तेवढी टणक ठेवा. जोरात आलेला चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, तसं गाडीने चेपत चेपत धक्का खाऊन टाकायचा. १९५१ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९५९ पासून मोटारी तशा बनायला लागल्या. आज सगळ्याच कंपन्या तसं करतात. चेपलेली गाडी बघून "काय पत्र्याची गाडी!" म्हणणाऱ्या माझ्या भावाला हे मी चार वेळा सांगितलंय.

हे एवढंच लिहून थांबता आलं असतं. पण २०१३ मध्ये एका जर्मन मैत्रिणीने मला मानहाइमच्या सांडहोफेन भागातल्या एका शाळेत नेलं. प्राथमिक शाळा आहे, आजही पोरं दप्तरं घेऊन जातात. तळघरात एक छोटं स्मारक आहे. १९४४ च्या सप्टेंबरमध्ये हिटलरच्या लोकांनी वॉर्साचा उठाव मोडताना पकडलेले हजाराहून जास्त पोलिश पुरुष या शाळेत आणून कोंडले. छळछावणीची शाखाच ती. रोज त्यांना चालवत डाइमलर-बेंझच्या मानहाइमच्या कारखान्यात नेत आणि ट्रक बनवून घेत. जानेवारी १९४५ मध्ये त्यातल्या एकाला घातपाताचा आरोप ठेवून शाळेच्या आवारात, बाकीच्यांसमोर फाशी दिलं. युद्धाच्या शेवटी, १९४४ मध्ये, कंपनीच्या ६३,६१० कामगारांपैकी जवळपास निम्मे जबरदस्तीने आणलेले, युद्धकैदी किंवा छावणीतले होते. हा आकडा कंपनी स्वतःच आपल्या इतिहासात देते. १९८८ मध्ये तिने भरपाईसाठी दोन कोटी मार्क दिले. युद्ध संपून ४३ वर्षं झाली होती.

बाहेर आले तर आमची ठेंगणी शाळेच्या कुंपणाला लावलेली. तारा बरोबर शाळेकडे तोंड करून. मैत्रीण गप्प होती. मी किल्ली हातात घेऊन उभी राहिले आणि मला बसवेना. शेवटी बसावंच लागलं, घरी जायचं होतं.

त्या रात्री मी नानाकाकांना फोन केला. का केला माहीत नाही. त्यांना सांगितलं, तुमच्या ट्रकवर नाव होतं ना, ते लोक असे होते. माणसं उपाशी ठेवून ट्रक बनवायचे. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपला तर जमशेदपूरचा होता गं." मी म्हटलं, हो, तुमचा नंतरचा, जमशेदपूरचा. "त्याने चार पोरींची लग्नं केली," काका म्हणाले. मी पुन्हा "हो" म्हटलं. आम्ही दोघांनीही विषय बदलला. मग मी विचारलं, तो पंखा कुठे आहे? ते म्हणाले, भंगारवाल्याबरोबर गेला, तो कशाला ठेवायचा?

काका २०१६ मध्ये गेले. मी त्यांना ते सांगायला नको होतं असं कधी वाटतं, आणि कधी वाटतं बरं केलं. अजून ठरलेलं नाही.

फोर्त्सहाइमला मी शेवटी गेले, पण आगगाडीने. बेर्टाचं माहेर बघायचं होतं. बघायला काही नाही. २३ फेब्रुवारी १९४५ च्या संध्याकाळी वीसेक मिनिटांत ब्रिटिश विमानांनी ते शहर जाळलं, सतरा हजारांवर माणसं मेली. बेर्टाला ते बघावं लागलं नाही. ती आदल्या वर्षीच, ५ मे १९४४ ला लाडेनबुर्गला वारली. दोनच दिवस आधी तिच्या पंच्याण्णवाव्या वाढदिवसाला कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने तिला मानद सिनेटर केलं होतं. ज्या विद्यापीठात कार्ल शिकला तेच. त्याच महिन्यांत, तिच्या घरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर, ताऱ्याच्या कारखान्यात पकडून आणलेली माणसं राबत होती. तिला हे माहीत होतं का, असा प्रश्न मी परतीच्या गाडीत स्वतःला विचारत होते. नव्वदी उलटलेल्या बाईला काय माहीत असणार, असंही लगेच उत्तर दिलं.

आता तर ट्रक आणि मोटारी बनवणाऱ्या कंपन्याही वेगळ्या झाल्यात. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रकवाले वेगळे निघाले आणि डाइमलर हे नाव बरोबर घेऊन गेले, मोटारवाल्यांनी मर्सिडीज-बेंझ ठेवलं. तारा मात्र दोघांकडे आहे. भावांची वाटणी झाली आणि देव दोघांनी ठेवला, तसं.

गुरुवारी रात्री मुलीचा बर्लिनहून फोन आला. ती आता मोठी आहे आणि तिच्याकडे लायसन्स नाही. घ्यायचंही नाही म्हणते. मेट्रो आहे, सायकल आहे, गाडी कशाला? तिच्या बहुतेक मित्रमैत्रिणींचं असंच आहे. मी एकदा तिला बेर्टाची गोष्ट सांगून बघितली होती. तिने ऐकून घेतली आणि म्हणाली, "आई, पण ती आगगाडीने का नाही गेली?"

गाडी गेल्याचं सांगितलं तर म्हणाली, "अरेरे, त्या गाडीत मी शाळेतून यायचे." मग म्हणाली, "एकदा तुला उशीर झाला होता, मी दारात उभी होते, आठवतं?"

मला आठवेना. मी तर ब्रुखजालहून वेळेत परत आले होते. की नव्हते? 

नंबरप्लेट अजून चपलांच्या कपाटावर पडल्या आहेत. त्या कुठल्या डब्यात टाकायच्या, पिवळ्या की काळ्या, ते शेजारणीला विचारायचंय.